बाईंच्या डाव्या हातात

मी तोमिए बाईंचा नाचाचा पंखा बोलतोय. वारा घालायला मला कुणी कधी उघडलं नाही, तेव्हा उन्हाळ्यात माझ्याकडून आशा धरू नका.

क्योतोच्या एका कारागिरानं बांबूच्या काड्यांवर कागद चढवून मला घडवलं. बोटांत गरगर फिरताना माझा तोल जाऊ नये म्हणून मुळाशी शिसं भरलं. मग मी कानाझावाला बाईंच्या घरी आलो. त्यांच्या हातात मी कधी साके दारूचा पेला व्हायचो, कधी पत्र, कधी पडतं बर्फ. बाई मला नुसत्या तिरक्या करायच्या आणि बघणाऱ्याला थंडी वाजायची.

शिकवताना बाई शिष्येकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि सगळा नाच उलटा करायच्या, आरशातल्यासारखा. शिष्येचा उजवा हात उठला की बाईंचा डावा. त्यामुळे रंगमंचावर मी उजव्या हातात मिरवलो, तरी माझं बहुतेक आयुष्य डाव्यातच गेलं. याचं कुणालाच काही वाटायचं नाही, मलाही नाही.

शिष्यांमध्ये माझी लाडकी रित्सू. मासळीबाजारात तिचं दुकान. आवाज खणखणीत, पाय जड.

"अगं, बर्फ पडतंय! टोपलीतून खेकडे नाही ओतायचेत!" बाई ओरडायच्या.

"खेकडे निदान खपतात तरी, बाई!"

गेल्या हिवाळ्यात बाईंना झटका आला. उजवा हात लुळा पडला. मला पेटीत ठेवलं. भेटायला येणारे गोडधोड आणायचे आणि "आता आराम करा" म्हणायचे. बाई मान डोलवायच्या. हळूहळू त्यांनी जेवणही टाकलं. पेटीतल्या अंधारात मला फार भीती वाटायची, माझ्यासाठी कमी, त्यांच्यासाठी जास्त.

एके सकाळी मासळीचा वास घेऊन रित्सू आली. तिनं मला पेटीतून काढलं आणि शिकवणीआधी ठेवतात तसं बाईंच्या गुडघ्यांपुढे आडवं ठेवलं. मग वाकून नमस्कार केला.

"घेऊन जा तो. तुला दिला," बाई म्हणाल्या.

"मला नको. माझं बर्फाचं वळण चुकतंय, ते दाखवा."

"कुठल्या हातानं दाखवू? डोळे फुटले का तुझे?"

रित्सू उठली, स्वतःचा पंखा उजव्या हातात धरला आणि नाचायला लागली. वळण आलं आणि तिनं ते नेहमीसारखंच चुकवलं.

"अगं, असं नाही गं!" म्हणत बाईंनी मला उचललं. डाव्या हातानं. मी उघडलो, तिरका झालो, फिरलो, कुठं म्हणजे कुठं अडखळलो नाही. बसल्या जागी बाईंनी बर्फ पाडलं. मग एकदम थांबून त्या हाताकडे बघत राहिल्या.

"रित्सू... याला तर सगळं येतंय गं."

"येणारच!" रित्सूनं नाक पुसलं. "आम्हाला इतकी वर्षं शिकवलं कुणी? यानंच ना?"

आता माझ्या घड्यांवरचा कागद विरलाय. बाईंना नवा पंखा आणायचं घाटतंय. पण मला इतक्यात पेटीत टाकू नका हो. बाई रोज बसून शिकवतात, आणि रित्सूच्या टोपलीतून अजून खेकडेच पडतायत. तिचं बर्फ पडेपर्यंत तरी मला या हातात राहू द्या.