गुडघ्याएवढी रेघ

वसाहतीपासून समुद्र इतका लांब, की तिथून निघालेला मासा इथं पोचेपर्यंत पणतवंडं खेळवेल. त्यामुळे रेडिओवर चक्रीवादळाचं नाव निघालं, की लोक हसायचे आणि सभागृहाच्या भिंतीवरच्या लाल रेघेकडे बोट दाखवायचे. मागच्या पुराची खूण. गुडघ्याएवढी!

खरी रेघ छातीला होती. जुन्यांना ते ठाऊक होतं, पण घर विकायला काढलेल्या माणसाची आठवण पुरापेक्षा लवकर ओसरते. भिंत रंगवताना अध्यक्ष रंगाऱ्याला म्हणाले होते, "रेघ जरा खाली घे रे. गिऱ्हाईक बिचकतं." त्यानं घेतली. पुढं त्याच रेघेच्या भरवशावर त्याच्या सख्ख्या ताईनं उताराच्या टोकाचं घर घेतलं. तेव्हाच बोलायचं, तर याच्या तोंडात जणू भिंतीच्या भेगा बुजवायची लांबी बसली.

आज सकाळपासून आभाळ फाटलं होतं. वादळ किनाऱ्यावरच दमलं, पण त्यानं पाण्याच्या पखाली इथवर वाहून आणल्या. मागचा नाला फुगून ताईच्या अंगणात आला, तसा रंगारी धावत तिच्याकडे पोचला.

"ताई, वरच्या मजल्यावर चल. दाजींना मी उचलतो."

दाजी दोन वर्षं पलंगाला खिळलेले.

"गुडघाभर पाण्याला कोण भितं? पलंगाखाली विटा लावल्यात मी. मापून."

"पाणी वाढेल गं! दहादा सांगतोय."

"रेघेच्या वर? तुझ्याच हातची ना ती?"

"मेहुणे," दाजी पडल्या पडल्या म्हणाले, "रंग तुमच्याच तोंडाचा उडालाय."

रंगाऱ्याचं डोकं फिरलं. हिच्यावर, अध्यक्षांवर, सगळ्यात जास्त स्वतःच्या ब्रशवर. "छातीला होती रेघ! मीच खाली ओढली. अध्यक्ष म्हणाले म्हणून!"

तेवढ्यात उंबरा ओलांडून पाणी आत आलं, पाहुण्यासारखं, न विचारता.

"ह्यांना उचल," ती म्हणाली. "तुझ्याकडे मग बघते."

जिन्यात दाजी पाठीवरून बजावत होते, "जपून हं. तुमच्या मापावर आता भरवसा नाही."

दुपारपर्यंत पाण्यानं विटा गिळल्या, पलंग गिळला, दिव्याची बटणंही गिळली.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची कड उमटली होती. ताईनं लाल रंगाचा डबा भावापुढं आदळला. अध्यक्ष पँट दुमडून धावत आले.

"हे बघ, जरा खाली..."

"अध्यक्ष," ताई म्हणाली, "भिंतीला पाठ लावून उभे राहा बघू. सरळ." मग भावाकडे वळली, "ओढ रेघ, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे ह्यांचा शर्ट आला, तरी हात उचलायचा नाही."