खोळीतली चकती

पहिली थप्पड कानावर बसली तेव्हा तिच्या हातात खडू होता. टेबलावर चाळीस शर्टांचा थर अंथरलेला, वरच्या कापडावर ती बाहीची रेघ ओढत होती. रेघ वाकडी गेली. दुसऱ्या थपडेला ती फरशीवर आली, आणि तेव्हा कुठे तिने वर बघितलं. नवरा.

चारच दिवसांपूर्वी ती याच्या घरातून पळाली होती. फोन नाल्यात फेकला, मनगटावरचं, फोनला जोडलेलं घड्याळ उशीखाली सोडलं, दोन बस बदलल्या, पोरीला मैत्रिणीकडे ठेवलं आणि तिसऱ्याच गावात कापड कापायचं काम धरलं. खिशात साधा बटणांचा फोन. सोबत आणली ती फक्त स्वतःची कात्री. कापणारा माणूस दुसऱ्याची कात्री धरत नाही आणि आपली कुणाला देत नाही. हात बसलेला असतो.

"बायको आहे माझी," नवरा कारखानाभर ऐकू जाईल असं म्हणाला. "घरचा मामला आहे. शिवा तुम्ही, शिवा."

मशीनं थांबली. उठलं कुणीच नाही.

"कुणी सांगितलं तुला?" तिने ओठाचं रक्त पुसत विचारलं.

हेच ऐकायला तर तो आला होता. ऐटीत फोन काढून त्याने अंगठा टेकवला, आणि तिच्या कमरेची कात्रीची कातडी खोळ पाखरासारखी चिवचिवली.

"पोरीला टाकशील, पण कात्री नाही टाकायचीस! किल्ल्या हरवू नयेत म्हणून चकती मिळते बाजारात. बायकोलाही चालते." स्वतःच्याच विनोदावर खिदळत त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिला दाराकडे फरफटत नेऊ लागला.

"घरचा मामला? हे काय तुझं घर आहे का रे, मेल्या?" इस्त्रीवाली मावशी पुढे झाली आणि तिने तापलेली इस्त्री त्याच्या उजव्या मनगटावर दाबली. चर्र झालं. केस सुटले. त्याने मावशीच्या पोटात लाथ घातली, तोल सावरायला डावा पंजा टेबलावर टेकला, आणि बायकोने दोन्ही मुठींनी कात्री त्या पंजात खुपसली. तो गुरासारखा हंबरला. खाली एकेक शर्ट लाल होत गेला.

आता मात्र सगळे धावले. कारखान्याचे मास्तर त्याच्या छातीवर बसले.

"तो फोन फोड आधी!" ते ओरडले.

"थांबा, मास्तर."

तिने नवऱ्याचा उजवा अंगठा धरून फोनवर दाबला. नकाशावर तिचे चार दिवस ठिपक्यांनी मांडलेले होते. खोली, कारखाना, दवाखाना, पुन्हा खोली. खाली दोन नावं. कात्री. दप्तर.

त्याखाली दिराचा निरोप, दहा मिनिटांपूर्वीचा: "दप्तर नकाशावर दिसलं. तिकडे निघालो."

नवरा दात विचकून हसला. तिने त्याच्या तोंडावर टाच मारली आणि स्वतःचा फोन काढला.

"पोरीला घेऊन मागच्या दाराने नीघ. आत्ता," ती मैत्रिणीला म्हणाली. "दप्तर तिथेच टाक."

"अगं, दप्तर सोडून हलायची नाही ती. रडून आकांत करेल."

"रडू दे. उचल तिला."