भरलेली वार

साहेब, माझी बहीण बुधरी तुम्ही मारली. नाल्यावर पूल नव्हता, आजही नाही. लेकरू अडलेलं, आम्ही तिला खाटेवर टाकून काठावर उभे, आणि पाणी उतरेना. नंतर तुमची माणसं आली आणि आम्हालाच अडाणी म्हणून गेली.

माझी माय मंगली गावातली बाळंतपणं करते. तेव्हापासून तिनं प्रत्येक पोटुशीचं जेवण निम्मं केलं. लेकरू बारीक राहिलं तर घरीच सुटका होते, नाल्याचं तोंड पाहावं लागत नाही, असा तिचा हिशेब. माझी बायको करिश्मा गरोदर राहिली, तिच्याही ताटातला भात निम्मा झाला. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

गावची आशाताई दिव्यानी हिनं करिश्माचं वजन केलं. भिंतीवर तुम्ही चिकटवलेलं 'चौरस आहार घ्या' तिनं वाचून दाखवलं नाही. मायजवळ बसून मोहफुलं निवडू लागली.

"आलीस मले शिकवाले? तू जन्मली तवा तुयी वार म्याच पुरली," माय म्हणाली.

दिव्यानी हसली. "त्या वारेचंच विचाराले आली. रोड लेकराची वार कशी रायते, बाई?"

"पातळ. पळसाच्या पानावानी."

"अन् भरल्या लेकराची?"

मायचा हात थांबला. "जाड. हाताले वजन लागते."

मग दिव्यानीनं समजावलं. लेकरू मायच्या जेवणाच्या पोटात नसतं, त्याची पिशवी वेगळी. तिथं वार रोपाच्या मुळीसारखी धरून बसते. मायच्या रक्तातला कस ओढते, नाळेतून लेकराला देते, लेकराची घाण परत मायच्या रक्तात सोडते. दोघांचं रक्त मात्र मिसळू देत नाही. मायच उपाशी, तर मुळी कुठून भरणार? आणि बारीक लेकरूही आडवं आलं की अडतंच.

"मोठं होऊन अडकलं, त तू नाला आटवशील?" मायनं विचारलं.

"नाई. पाण्याच्या आधीच तिले पल्याड नेतो, दवाखान्याजवळच्या खोलीत ठेवतो. तुमी बी चाला."

माय मोहफुलं निवडत राहिली. पण त्या दिवशी करिश्माच्या ताटात भाताचा ढीग पडला, वर जवसाची चटणी आणि अंडं. एवढं कोण खाईल आत्या, असं करिश्मा कुरकुरली.

"तू नोको खाऊ. वारेले दे," माय म्हणाली.

पाऊस लागायच्या आधी आम्ही नाला ओलांडला. दवाखान्यात मुलगी झाली, रडली तर बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू आली. मायनं नर्सबाईकडून वार मागून घेतली, दोन्ही हातांवर तोलली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. आमच्यात वार दारापाशी पुरतात. घराच्या वाटेवरचा नाला भरला होता, म्हणून नर्सबाईला विचारून तिनं दवाखान्यामागच्या मोहाखाली पुरली.

आता गावात तिघी पोटुशा आहेत. माय तिघींनाही पोटभर जेवू घालते, ताट संपल्याशिवाय उठू देत नाही. त्यांची लेकरं मोठी होणार, साहेब.

तुमचा पूल कधी होणार? तारीख सांगा.