पंचाचा शर्ट एरवी घालता येतो का?

आपल्या मुलीचा पाचवा फाउल बरोबरच होता, असं ग्लेनिस हॉकनबेरीनं शाळेच्या भरल्या जिममध्ये उभं राहून कबूल केलं आणि पंचाची माफी मागितली. हे घडलेलं नाही. गावात कुणालाही विचारा. त्या क्षणी प्रत्येकजण नेमका पॉपकॉर्न आणायला बाहेर गेला होता. तेव्हा न घडलेली ही गोष्ट आपण पहिल्यापासून घेऊ.

बेल्डन क्रॉसिंग हे नेब्रास्कातलं गाव तसं गुणी आहे. बर्फात कुणाची गाडी रुतली तर न बोलावता माणसं फावडी घेऊन येतात. कुणाच्या घरी आजारपण आलं तर दारात एवढं शिजवलेलं अन्न जमतं की घरचे बाकीचेही आजारी पडतात. फक्त शुक्रवारी संध्याकाळी, शाळेच्या बास्केटबॉल सामन्याला, हीच माणसं एका माणसाचं रक्त प्यायला बसतात. तो माणूस म्हणजे व्हर्जिल स्टुकेनहोल्ट्झ. दिवसा तो हार्डवेअरच्या दुकानात रंग मिसळून देतो आणि फावल्या वेळात पंचगिरी करतो. आसपासच्या गावांत पूर्वी आणखीही पंच होते. कुणी गुडघ्याचं कारण सांगून सुटलं, कुणी बायकोचं. व्हर्जिलचे गुडघे ठणठणीत आणि बायको नाही, म्हणून तो उरला.

ग्लेनिस गावाची करसल्लागार. जिममध्ये तिची जागा प्रेक्षकांच्या तिसऱ्या पायरीवर, आणि तिचा आवाज पार्किंगपर्यंत पोचतो. मागच्या शुक्रवारी व्हर्जिलनं तिच्या मुलीला, केन्झीला, पाचवा फाउल देऊन बाहेर बसवलं, तेव्हा तर पार्किंगमधल्या गाड्यांचे भोंगे वाजले म्हणतात.

आणि मंगळवारी तोच व्हर्जिल कर भरायला तिच्या ऑफिसात आला. गावात दुसरा करसल्लागार नाही. दोघांचाही नाइलाज.

"बस," ग्लेनिस म्हणाली, कुत्र्याला म्हणतात त्या सुरात.

कोपऱ्यात तिच्या सासूबाई, ओपल, विणत बसल्या होत्या. ऑफिसचा फोन त्याच उचलायच्या आणि बहुतेकदा स्वतःच बोलून ठेवून द्यायच्या.

"शिट्टी," व्हर्जिलनं पंचगिरीचे खर्च सांगायला सुरुवात केली.

"वजावट मिळेल."

"सामन्यांना जायचं पेट्रोल."

"मिळेल."

"डोळ्यांची तपासणी."

ग्लेनिसनं पेन खाली ठेवलं. "ती कशाला?"

"गाव सांगतं म्हणून. दर शुक्रवारी सांगतं. तू जरा जास्तच सांगतेस. गेलो शेवटी. डॉक्टर म्हणाले, नजर एकदम स्वच्छ आहे."

"खासगी खर्च. मिळणार नाही. आणि डॉक्टर बदल."

व्हर्जिलनं पिशवीतून पंचाचा काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट काढून टेबलावर ठेवला. मांजरानं आणून ठेवलेल्या उंदराकडे पाहावं तसं ग्लेनिसनं त्याच्याकडे पाहिलं.

"कायदा काय म्हणतो, माहितीये? कपडा कामाला लागणारा पाहिजे आणि एरवी घालता न येणारा पाहिजे. याला दोन बाह्या आहेत. मान जायला भोक आहे. एरवी घालता येतो. नामंजूर."

हा अर्थ तिनं कायद्यातून काढला नव्हता, मागच्या शुक्रवारातून काढला होता.

व्हर्जिल शांतपणे म्हणाला, "शर्टाच्या पैशांचं मला काही नाही गं. पण सरकारच म्हणत असेल की हा चारचौघांसारखा कपडा आहे, तर मीही चारचौघांसारखा शुक्रवारी घरी बसतो."

ग्लेनिस हसली. मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. येत्या शुक्रवारी केन्झीचा शाळेच्या घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुली आईबापांचा हात धरून मैदानात येतात, माइकवरून एकेकीचं नाव पुकारतात. पंच नाही तर सामना नाही, आणि सामना नाही तर काहीच नाही.

"धमकी देतोस?"

"नाही. घरी बसतोय. शर्ट साधाच आहे असं तुझं ठरलं, की ही शिट्टी तुझ्या टेबलावर ठेवून जाईन. तूच वाजव."

"मग घालून बघ की," ओपलबाई सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "एक दिवस. उद्या. एरवी घालता येतो का, ते एरवी घातल्याशिवाय कसं कळणार?"

ग्लेनिसच्या डोक्यात हिशेब झाला. दिवसभर शर्ट घालून मिरवायचं, तो साधाच आहे हे सिद्ध करायचं, आणि मग मोठ्या मनानं वजावट देऊन टाकायची. व्हर्जिल मिंधा होऊन शुक्रवारी येईल आणि केन्झीकडे जरा प्रेमानं बघेल.

"घालते," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

बुधवारी सकाळी ती शर्ट घालून निघाली. पहिल्याच चौकात चारही बाजूंनी गाड्या थांबल्या होत्या. समोरच्या पिकअपवाल्याला तिनं रोजच्यासारखं हातानं खुणावलं, जा तू आधी. त्यानं काच खाली केली.

"आता रस्त्यावरही तूच ठरवणार का, कोणी आधी जायचं?"

हा रॉय, तिच्या नवऱ्याचा शिकारीचा जोडीदार. रविवारीच तिच्या घरी जेवून गेला होता.

किराणा दुकानात तिनं सफरचंदं मोजून पिशवीत भरली. मागून कुणीतरी म्हणालं, "पुन्हा मोजा हो, हिचा भरवसा नाही." रांग हसली. काउंटरवरची ऱ्होंडा तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिनं सुटे पैसे हातात न देता काउंटरवर आपटले.

"ऱ्होंडा, अगं मी आहे. ग्लेनिस."

"दिसतंय की. आम्हाला नीट दिसतं."

दुपारी ऑफिसात आलेलं एक गिऱ्हाईक तिला बघून दारातूनच परत गेलं. पोस्टाबाहेर तिच्या गाडीच्या वायपरखाली कुणीतरी चष्म्याच्या दुकानाचं कुपन खोचून ठेवलं. कुपन मागच्या वर्षीच संपलेलं होतं. शत्रुत्वातही काटकसर, हे आमच्या गावाचं वैशिष्ट्य.

पण संध्याकाळी चर्चच्या तळघरात जेवण होतं, चिली, म्हणजे राजमा-खिम्याची तिखट आमटी, आणि सोबत दालचिनीचा रोल. निदान देवाच्या घरी तरी, असं म्हणत ग्लेनिस गेली. पास्टरनी प्रार्थनेत आजाऱ्यांसाठी मागणं मागितलं, प्रवाशांसाठी मागितलं, आणि "ज्यांना डोळे असून दिसत नाही त्यांनाही क्षमा कर" असं म्हणताना एक डोळा किलकिला करून तिच्याकडे पाहिलं. सगळ्यांनी जरा जोरातच आमेन म्हटलं. वाढणाऱ्यानं तिला रोलचा असा तुकडा दिला, ज्याला दालचिनी फक्त ऐकून माहीत असावी.

तरी तिनं आभार मानून तो तुकडा घेतला. मग रांगेत दोन म्हाताऱ्यांची गल्लत झाली आणि सवयीनं ग्लेनिस म्हणाली, "युनिस आजी, या तुमच्या आधी आल्या होत्या."

युनिस आजी म्हणजे गावातलं सर्वांत मऊ माणूस. नवजात बाळांना मोजे विणून देतात. त्यांनी ग्लेनिसला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा नाणं उडवलेलं बरं गं बाई. निदान अर्ध्या वेळा तरी बरोबर येतं."

तळघर हसलं. ग्लेनिसनं रोलचा तुकडा परत ताटात ठेवला. कारण हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. शुक्रवारी तिसऱ्या पायरीवरून तिनंच ते सोडलं होतं, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

"आजी, मी तुमचा कर भरून देते. वीस वर्षं. मला असं बोलता?"

"तुला कुठे?" आजींना खरंच नवल वाटलं. "मी शर्टाला बोलले."

"पण शर्टात मी आहे!"

आजी रोल घेऊन निघून गेल्या.

जेवण उरकून ग्लेनिस गाडीत येऊन बसली. शेजारी ओपलबाई.

"आई, सगळे मला ओळखत होते. ओळखून बोलत होते."

"मग? तू व्हर्जिलला ओळखत नाहीस? आपल्या स्वयंपाकघराचा रंग कोणी जुळवून दिला?"

"मी व्हर्जिलला कधी बोललेच नाही. मी पंचाला बोलते."

"तेच तर सगळे म्हणाले ना आज, शर्टाला बोललो. शर्ट घरी जाऊन एकटा जेवतो का गं? शर्टाला रात्री झोप येत नाही का? तू ज्याला ऐकवतेस तो कपडा, आणि जो ऐकतो तो माणूस. एवढी साधी गोष्ट आहे. मी तुझ्या शेजारी बसून दर शुक्रवारी ऐकते, आणि घरी येऊन मला तुझ्या हातचं जेवण गोड लागत नाही. आज सांगितलं. चल आता, थंडी वाजते."

ग्लेनिसनं गाडी सुरू केली.

गुरुवारी व्हर्जिल आला तेव्हा शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवलेला होता.

"मंजूर," ग्लेनिस म्हणाली. "दैनंदिन वापरास पूर्णपणे अयोग्य. माझं नाव साक्षीदार म्हणून टाक हवं तर." मग टेबलाकडे बघत म्हणाली, "उपकार म्हणून देत नाहीये. कायदाच तसा आहे. मंगळवारीही तसाच होता."

"हं," व्हर्जिल म्हणाला.

"येशील ना उद्या?"

"येईन. पण केन्झीनं हातावर मारलं तर फाउल देणार."

"दे."

शुक्रवारी त्यानं दिला. नावं पुकारून झाली होती, फुलं देऊन झाली होती, सामना शेवटाकडे आला होता. केन्झीनं समोरच्या मुलीच्या मनगटावर सपकन मारलं आणि शिट्टी वाजली. पाचवा. सगळ्या जिमनं माना तिसऱ्या पायरीकडे वळवल्या. ग्लेनिस उभी राहिली. पुढच्या ओळीतल्या लोकांनी सवयीनं कानांवर हात नेले.

"फाउल होता," ग्लेनिस म्हणाली. "मी पाहिला. मागच्या वेळचाही होता. व्हर्जिल, चुकलं माझं."

जिममध्ये अशी शांतता पसरली की पॉपकॉर्नचं यंत्रही वरमलं. मग रॉय ओरडला, "खाली बस!" वरून कुणाचा तरी बर्फाळ पेयाचा पेला आला. "किती दिले गं तुला त्यानं?" बाकावर केन्झीनं टॉवेलात तोंड लपवलं. सामना चालू असताना पंचानं प्रेक्षकांशी बोलायचं नसतं. व्हर्जिलनं फ्री थ्रोची, म्हणजे समोरच्या संघाला मोफत फेकीची, खूण केली. फक्त त्याचे कान लाल झालेले दिसले.

सामना आपण हरलो. सोमवारपासून निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या गावातल्या करसल्लागाराकडे जाऊ लागली. ग्लेनिस मात्र आजही तिसऱ्या पायरीवरच बसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा मोकळी असते.

मंडळी, वर्दीला बोललो, खुर्चीला बोललो, माणसाला नाही बोललो, असं म्हणून आपण सगळेच सुखानं झोपतो. पण शिवी कापडावर थांबत नाही, ती आतल्या अंगापर्यंत पोचते. आणि ते अंग आपल्याच गल्लीत राहतं. एवढं कळायला कुणाला आठवडा लागतो, कुणाला एक दिवस. ग्लेनिसनं मग शाळा मंडळाला पाठवलेला अर्ज खाली जसाच्या तसा देत आहे.

"मा. अध्यक्ष, शाळा मंडळ, बेल्डन क्रॉसिंग यांस. विषय: सामन्यात ओरडण्याच्या परवान्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, ज्या प्रेक्षकाने पंचाचा शर्ट किमान एक पूर्ण दिवस, किराणा खरेदी व चर्चमधील जेवणासह, परिधान केल्याचा दाखला सादर केला नसेल, त्यास पंचावर ओरडण्याची परवानगी देण्यात येऊ नये. दाखल्यावर किराणा दुकानातील काउंटरची सही व एका आजींचा अभिप्राय असणे बंधनकारक असावे. मा. अध्यक्षांनी स्वतः प्रथम शर्ट परिधान करून उदाहरण घालून द्यावे. मापे कळवावीत, ही विनंती."