खुंट्यापासून काठापर्यंत

नदीने रस्ता खाल्लाच तर माझा दोष नाही, हे सांगणारी वही माझ्याकडे होती. रस्त्याची देखभाल माझ्याकडे, म्हणून सात वर्षं रोज सकाळी मी रस्त्याकडेच्या लोखंडी खुंट्यापासून काठापर्यंत टेप लावला. साडेचार मीटर. पुराआधी, पुरानंतर, अंगात ताप असताना, बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा साडेचार मीटर. हयगय आपल्याला खपत नाही.

इंजिनीअरबाई आल्या त्या निर्णय घ्यायलाच. काठाला दगडी भिंत घालून रस्ता वाचवायचा, की तो सोडून टेकडीमागचा कच्चा रस्ता पक्का करायचा. माझं घर खुंट्याच्या जरा पुढे, काठ रुंद आहे तिथे, रस्ता आणि नदी यांच्या मधे. रस्ता मागे गेला असता तर मी आणि नदी, दोघंच उरलो असतो. आणि नदीशी माझं पटत नाही.

शिवाय बस होती. रोज पावणेआठला जायची आणि ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवायचा. मी हात वर करायचो. बायको गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं म्हणायचं तर तेवढंच. हे बाईंना सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून वही पुढे केली.

त्यांनी पानं उलटली. "काका, इतकी नीट नोंद मी कुठे पाहिली नाही. काठ हललेलाच नाही की! भिंतीचंच लिहिते."

माझी छाती फुगली. "पाणी तरी घेऊन जा," म्हटलं.

त्या घराकडे वळल्या आणि दार अडलं. खांदा लावावा लागला.

"हे कधीपासून असं?"

"लाकूड फुगतं हो..." एवढं बोललो आणि थांबलो. हेच मी बायकोला सांगितलं होतं, चार वर्षांपूर्वी. ती म्हणाली होती, "अहो, घर सरकतंय." मी खो खो हसलो होतो. "घर नाही, तुझं डोकं फिरतंय," असं म्हणून रंधा काढला आणि दार तासलं. पुढे आणखी दोनदा तासलं. रस्त्याच्या टेकडीकडच्या बाजूला डांबरात लांबलचक भेग पडायची, तीही मी दरवर्षी इमानेइतबारे बुजवायचो.

एवढ्यात बस आली. दोनदा हॉर्न वाजला. खिडक्यांत माणसं होती, एक बाई मांडीवरच्या पोराला नदी दाखवत होती. त्या दिवशी माझा हात वर गेला नाही.

"तीनदा तासलंय दार," मी म्हणालो. "आणि ती भेग दरवर्षी पडते. मीच बुजवतो."

बाई तशाच मागे फिरल्या. रस्ता ओलांडून टेकडीच्या कातळावरची मोजणीची जुनी खूण त्यांनी शोधली आणि तिथून माझ्या खुंट्यापर्यंत टेप धरला. नकाशात बारा मीटर होते. भरले बारा मीटर सत्तर. नदी खालून पोखरत होती आणि खुंटा, काठ, रस्ता, घर सगळंच एकत्र तिच्याकडे निघालं होतं. मी खुंट्यापासून काठ मोजत बसलो होतो! स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटली.

"भिंत घातली तर तीही जाईल," बाई हळूच म्हणाल्या. "रस्ता आजच बंद करते. तुम्हालाही खोली बघू, काका. तोवर जपून राहा."

दुसऱ्या दिवशी पावणेआठला रस्त्यावर टाकलेल्या अडसरापाशी मीच बस थांबवली. वळणावरची पाटी ड्रायव्हरला दिसली नव्हती. त्याने काच खाली केली. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. एवढ्या दांडग्या माणसाचा इतका बारीक आवाज!

"आता टेकडीमागून का?"

"हो. कायमचं."

"बरं." तो जरा घुटमळला. "बाकी काय म्हणता?"

सांगायला इतकं होतं की एकही गोष्ट तोंडातून बाहेर पडेना. "काही नाही," मी म्हणालो.

बस मागे मागे गेली. वळताना त्याने दोनदा हॉर्न वाजवला. मी हात वर केला आणि बस दिसेनाशी झाल्यावरही तो बराच वेळ तसाच धरला.

मग खांदा लावून दार उघडलं, वही काढली. अंतराच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. शेऱ्यात लिहिलं, 'घर सरकतंय. हे बायकोने चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.' आणि खाली रोजच्यासारखी सही केली.