हॉर्न वाजला होता

"अहो, आवाज कमी करा! पलीकडच्या वहिनी म्हणतात, आता बातम्या ऐकायला आम्हाला आमचा टीव्ही लावावाच लागत नाही!"

बायकोने पुन्हा पुन्हा सांगितल्यावर फोरमनने मान वळवली. "काय म्हणालीस?"

"काही नाही," म्हणत तिने स्वतःच आवाज कमी केला. त्याबरोबर फोरमनला पडद्यावर नुसती हलणारी तोंडं दिसू लागली. "हल्ली हे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात," असं पुटपुटत तो ताटावर बसला.

अशी एखादी व्यक्ती आपल्यापैकी अनेकांच्या घरात असते. आपण हसतो, चिडतो आणि सोडून देतो. इथेही तेच चाललं होतं.

फोरमनचा कारखाना मोठा होता. त्याच्या विभागात प्रचंड घण तापलेल्या लोखंडावर दिवसभर आदळत. त्या गदारोळातही फोरमनची हाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायची, म्हणून कामगारांनी त्याला 'तोफ' असं नाव ठेवलं होतं. त्याला त्याचा केवढा अभिमान! कंपनी प्रत्येकाला कानात घालायचे बोळे देत असे. फोरमनने ते कधी वापरले नाहीत. उलट कुणी घातले की तो सगळ्यांसमोर म्हणे, "काय रे, बाळंतिणीसारखे कान झाकून बसायला आलात का इथे?" हशा पिकायचा आणि एकेकाच्या कानातले बोळे खिशात जायचे. फक्त माल उचलून नेणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीचा ड्रायव्हर काही न बोलता खाली मान घालून हसायचा, पण बोळे काढायचा नाही.

एका दुपारी फोरमन गाडीच्या ये-जा करण्याच्या पट्ट्यातच पाठमोरा उभा राहून एक साचा निरखत होता. फोर्कलिफ्ट मालाची पेटी घेऊन उलटी त्याच्या दिशेने येत होती. शेजारी काम करणारा फिटर, फोरमनबरोबरच नोकरीला लागलेला त्याचा जुना दोस्त, जिवाच्या आकांताने धावला. त्याने फोरमनला ढकललं. फोरमन बाजूला पडला आणि फिटरचं पाऊल चाकाखाली गेलं.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी चौकशी केली. "हॉर्न वाजला होता का?"

"नाही वाजला!" फोरमन गरजला. "आणि कानात बोळे कोंबलेल्या माणसाला काय कळणार, वाजला की नाही ते!"

"साहेब, मी वाजवला होता. दोनदा," ड्रायव्हर म्हणाला. त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. तोफेच्या तोंडी कोण जाणार? ड्रायव्हरला कामावरून घरी बसवण्यात आलं.

रविवारी फोरमन दवाखान्यात गेला. फिटरच्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती. त्याची बायको उशाशी संत्रं सोलत होती.

"काळजी करू नकोस," फोरमन म्हणाला, "त्या ड्रायव्हरला घरी बसवलाय. हॉर्न न देता गाडी मागे घेतो म्हणजे काय!"

फिटर त्याच्याकडे पाहतच राहिला. मग प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाला, "हॉर्न दिला होता त्याने. तो ऐकूनच तर मी वळलो. बघतो तर तू हलतच नाहीस, म्हणून धावलो."

संत्रं सोलणारा हात थांबला.

"पण मला... मला नाही ऐकू आला."

"तुला कितीतरी दिवसांपासून ऐकू येत नाही रे. आम्ही सगळे हल्ली तुझ्या समोर येऊन बोलतो, लक्षात नाही आलं तुझ्या? तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. आम्हीही चुकलोच."

फिटरच्या बायकोने सोललेल्या फोडी मुकाट्याने फोरमनपुढेही धरल्या. त्याला हात पुढे करवेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या दवाखान्यात सिस्टरसमोर जाऊन बसला. तिने त्याच्या कानांना हेडफोन लावले. "आवाज आला की बटण दाबायचं." फोरमन बटणावर अंगठा ठेवून तपासणी सुरू व्हायची वाट पाहत बसला. थोड्या वेळाने सिस्टरने हेडफोन काढले. "झालं."

"झालं? सुरू कधी झालं?"

सिस्टरने हेडफोन बाजूला ठेवले. तो समजायचं ते समजला. तरीही म्हणाला, "जन्म लोखंडात गेला, सिस्टर. कान थोडे बोथट व्हायचेच."

"बोथट नाही, कायमचे गेलेत," सिस्टर त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली. "बोट तुटलं तर रक्त दिसतं, माणसं धावतात. कान जातो तेव्हा कुणाला पत्ताही लागत नाही, आणि गेलेला परत येत नाही. ते बोळे घणाचा मार अडवतात; हॉर्न त्यांतूनही ऐकू येतो. त्या ड्रायव्हरचे कान तपासलेत मी, अगदी शाबूत आहेत. तुम्ही ज्यांना हसून बोळे काढायला लावलेत, त्यांचं मात्र सांगता येत नाही."

फोरमनची मान खाली गेली.

"कान गेले यात लाज कसली, साहेब? पण तुमच्या कानांची शिक्षा दुसराच भोगतोय, याची तरी लाज वाटू द्या!"

ते शब्द मात्र त्याला लख्ख ऐकू आले. अरे, आपण हे काय करून बसलो! दोस्ताच्या पायाची बोटं गेली, निर्दोष माणसाची भाकरी गेली, आणि आपण मात्र तोफ म्हणून मिरवत राहिलो!

तो तडक मॅनेजरसाहेबांकडे गेला. मग पाळी सुरू होताना सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "हॉर्न वाजला होता. मी बहिरा झालोय. चूक माझी होती आणि आळ मी ड्रायव्हरवर घातला." कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एकाने खिशातून बोळे काढून कानात घातले.

संध्याकाळी तो ड्रायव्हरच्या घरी गेला. ड्रायव्हरने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. कामावर परत घेतल्याचा निरोप त्याला पोचला होता.

"माझी माफी नका मागू," तो म्हणाला. "हिला सांगा. शाळेत पोरं म्हणतात, तुझ्या बाबांनी माणूस चिरडला."

त्याच्यामागे त्याची लहान मुलगी उभी होती. फोरमन उंबऱ्याबाहेरच गुडघ्यांवर बसला. "बाळा, तुझ्या बाबांनी हॉर्न वाजवला होता. त्यांची काही चूक नाही. चूक माझी."

मुलगी काहीतरी बोलली. ओठ हलले तेवढे त्याला दिसले. नेहमीसारखी मान डोलावून वेळ मारून नेणं सोपं होतं. पण तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही गं. जरा मोठ्याने सांगशील?"

"मग हे तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?" ती मोठ्याने म्हणाली.

फोरमनकडे उत्तर नव्हतं.

मित्रहो, आपल्याकडे तरी आहे का? सुरक्षेची साधनं वापरणाऱ्याला भित्रा ठरवून आपण हसतो, आणि स्वतःचं दुखणं झाकण्यात मर्दुमकी मानतो. त्याची किंमत पुष्कळदा शेजारी उभा असलेला माणूस मोजतो. जपून काम करण्याची लाज वाटू देऊ नका. लाज वाटायचीच असेल, तर त्या हसण्याची वाटू द्या!