पाच आठवड्यांत जुना झालेला साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. जुना म्हणजे जेमतेम सव्वा वर्षाचा. पण आमच्या जातीला पाच आठवड्यांत म्हातारपण येतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

भावनगरच्या एका इस्पितळात माझा जन्म झाला. गाठिया तळून विकणाऱ्या वजुभाईंना तंबाखूचा मावा चघळून डाव्या जबड्यात कॅन्सर झाला होता. त्यांचा स्कॅन संगणकावर उघडून डॉ. मांकडांनी हाड कुठून कुठवर कापायचं ते आखलं आणि यंत्राने थरावर थर चढवून मला छापलं. माझ्या अंगात दोन खाचा आहेत. मला हाडावर बसवून खाचेतून करवत चालवली, की रोग तेवढा निघतो आणि त्याच माणसाच्या पायातून काढलेला हाडाचा तुकडा तिथे चपखल बसतो. जगातल्या दुसऱ्या कोणालाही मी बसत नाही.

शेवटचा साधा दिवस मला आठवतो. शस्त्रक्रिया चार दिवसांवर आली होती. वजुभाईंनी मला तळहातावर फिरवून पाहिलं.

"निरु, हा तर माझ्या झाऱ्याचा भाऊ निघाला!"

"बापुजी, आधी खिशातली माव्याची पुडी काढा," त्यांची मुलगी निरुपमा म्हणाली.

"घ्या डॉक्टरसाहेब. ही मास्तरीण शाळेतल्या पोरांना सोडेल, बापाला नाही."

सगळे हसले. तेवढ्यात विभागप्रमुख आत आले. नव्या विभागाचं उद्घाटन पाच आठवड्यांनी होतं.

"या साच्याची पहिली शस्त्रक्रिया त्याच दिवशी करू, बेन. मोठे पाहुणे येणार आहेत. काकांचा फोटो छापून येईल. चालेल ना?"

डॉ. मांकड जमिनीकडे बघत राहिले. निरुपमाने बापुजींकडे पाहिलं. बापुजी म्हणाले, "साहेबांना कळतं."

"चालेल," ती म्हणाली.

मला मखमलीवर ठेवलं. वजुभाईंचा गाल सुजत गेला. पुन्हा स्कॅन काढावा, असं कोणाच्या मनात आलं नाही. मंडपाचा रंग मात्र दोनदा बदलला!

उद्घाटनाला नारळ फुटला, टाळ्या झाल्या, आणि मग मला हाडावर ठेवलं. मी अगदी बरोबर बसलो. पण रोग माझ्या खाचेच्या पलीकडे गेला होता. डॉ. मांकडांनी मला उचलून बाजूच्या थाळीत ठेवलं आणि अंदाजाने कापलं. निघालं तेवढं निघालं. सात महिन्यांनी वजुभाई गेले.

आणि मी? मला धुऊन काचेच्या पेटीत बसवलं. खाली पाटी लावली, 'आमचा पहिला यशस्वी साचा'. यशस्वी! माझ्या खाचेतून करवत एकदाही गेली नाही.

मित्रांनो, माझी पेटी पुसू नका, माझं कौतुक करू नका. आमच्यासारखे साचे ज्याच्यासाठी बनतात, त्याच्यासाठी वेळेवर वापरा. उशीर झालाच, तर नवा स्कॅन काढून आम्हाला खुशाल फेकून द्या. आमची नको, माणसाची काळजी करा.

परवा निरुपमा वडिलांचे कागद न्यायला आली. प्रमुख काही पाहुण्यांना मला दाखवत होते.

"या बेन, या! हा यांच्याच वडिलांचा साचा. पेटीशेजारी उभ्या राहा, एक फोटो घेऊ. चालेल ना?"

तिने काचेवर हात टेकवला.

"नाही चालणार, साहेब," ती म्हणाली. "त्या दिवशीही चालणार नव्हतं."